भिगवणचा तालुका कोणता? कागदावरचा की बाजाराचा?

पोस्ट मोठी आहे. निवांत वेळ असेल तेव्हा वाचा, पण वाचा. आपण भिगवण-इंदापूर-बारामती पट्ट्यातले लोक ज्या तालुक्यात राहतो, तो तालुका कुणी, कधी आणि कशासाठी आखला, याचा हा हिशोब आहे.

सुरुवात एका शब्दापासून करू. तो शब्द म्हणजे 'मंडळ'.

आपल्याकडे भिगवण हे एक महसूल मंडळ आहे. त्याला मंडळ अधिकारी असतो. जुनी माणसं अजून त्याला 'सर्कल' म्हणतात. तलाठ्याच्या वर आणि तहसीलदाराच्या खाली अशी ही पायरी. सर्कल फेरफार मंजूर करतो, पंचनामा करतो, पाऊस किती पडला याची नोंद त्याच्या मंडळाच्या नावाने होते. पण बाकीचं महत्त्वाचं काम निघालं की तो म्हणतो, "इंदापूरला जा."

आता भिगवणवरून जाणारा सोलापूर हायवे पकडा आणि पूर्वेला निघा. राष्ट्रीय महामार्ग ६५. इंदापूर, सोलापूर, उमरगा, पुढे कर्नाटकातलं हुमनाबाद, आणि मग तेलंगणातलं जहीराबाद. हाच रस्ता हैदराबादवरून थेट मच्छलीपट्टणच्या समुद्रापर्यंत जातो. जहीराबादला उतरून विचारा, तिथेही 'मंडल' आहे. पण तिथल्या मंडलाला स्वतःचा तहसीलदार आहे, स्वतःचं कार्यालय आहे, स्वतःची मंडल परिषद आहे. तिथला शेतकरी 'मंडल ऑफिसला जाऊन येतो' म्हणतो, तेव्हा तो आपल्या भाषेत तालुक्याला जाऊन आलेला असतो.

रस्ता एकच, शब्द एकच, वजन मात्र वेगळं. हे असं का झालं, ते बघायचं तर थोडं मागे जावं लागेल.

आधी परगणा होता

इंदापूर हे नाव जुनं आहे. निजामशाहीत इंदापूर परगणा होता. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे इंदापूरच्या लढाईतच पडले आणि त्यांची गढी आजही इंदापुरात दाखवतात. शहाजीराजांच्या जहागिरीत पुणे, सुपे, चाकण यांच्याबरोबर इंदापूरही येतं.

परगणा म्हणजे काय, तर वसुलीचं एक गाठोडं. गावात पाटील-कुलकर्णी, परगण्यावर देशमुख-देशपांडे. ही वतनं वंशपरंपरेने चालत. राज्य बदललं, सुभेदार बदलला, तरी वसुलीची वही त्याच घरात राहायची. ही परगणे वतनं आणि कुलकर्णी वतनं कायद्याने रद्द झाली ती १९५० च्या कायद्याने, आणि महसुली पाटीलकी गेली १९६२ च्या कायद्याने. म्हणजे आपल्या आजोबांनी ही सगळी व्यवस्था डोळ्यांनी बघितलेली आहे. फार लांबची गोष्ट नाही ही.

इंदापूर ही प्रयोगशाळा होती

१८१८ साली पेशवाई गेली आणि इंग्रज आले. त्यांना पहिला प्रश्न पडला, शेतसारा किती घ्यायचा?

पुणे जिल्ह्यात हे काम प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याकडे आलं. हा इंग्लंडमधल्या हेलीबरी कॉलेजात शिकलेला. तिथे त्याला अर्थशास्त्र शिकवणारा गुरू म्हणजे माल्थस. लोकसंख्येच्या सिद्धांतासाठी आपण ज्याचं नाव शाळेत वाचतो, तोच. प्रिंगलने पुस्तकातला नियम शेतावर आणला. जमिनीचं एकूण उत्पन्न काढायचं, त्यातून लागवडीचा खर्च वजा करायचा, उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचा निम्म्याहून जास्त हिस्सा सरकारचा. कागदावर सुंदर. पण त्यासाठी गावोगावच्या जमिनीचं उत्पन्न आणि खर्च कुणी लिहिला? हाताखालच्या कारकुनांनी. ज्याने हात ओले केले त्याची काळी जमीन मुरमाड झाली आणि ज्याने केले नाहीत त्याचा मुरूम काळा झाला. त्यातच धान्याचे भाव पडले.

१८३० नंतरच्या काही वर्षांत पुणे जिल्ह्यातल्या रयतेने काय भोगलं, याची कबुली पुढे मुंबई सरकारच्याच अहवालात आली. वसुलीसाठी छळ झाला, माणसं घरं सोडून शेजारच्या संस्थानी मुलखात पळाली आणि काही भागांत लागवडीयोग्य जमिनीपैकी जेमतेम एक तृतीयांश जमीन वहितीत उरली.

मग १८३५ साली नव्याने मोजणी करायचं ठरलं. ती कुठे सुरू झाली? इंदापूर तालुक्यात. मुलकी खात्यातला गोल्डस्मिड आणि लष्करातला इंजिनिअर लेफ्टनंट विंगेट, या दोघांनी ती हाती घेतली. त्यांनी पुस्तकी सिद्धांत बाजूला ठेवला. जमिनीचे तुकडे पाडून प्रत्येकाला नंबर दिला, हद्दीचे दगड रोवले, मातीची खोली आणि दोष बघून प्रतवारी लावली आणि तालुक्यासाठी झेपतील असे दर ठरवले. हे दर १८३६ पासून लागू झाले आणि ३० वर्षं वाढणार नाहीत, असा शब्द दिला गेला. पडीक जमिनी पुन्हा वहितीखाली आल्या.

इंदापूरचा प्रयोग जमला म्हटल्यावर तीच पद्धत भीमथडी, मोहोळ, माढा अशी पुढे सरकली आणि शेवटी मुंबई इलाख्यात पसरली. १८४७ साली तिचे नियम पक्के झाले. आज तुमच्या सातबाऱ्यावर जो सर्व्हे नंबर, गट नंबर दिसतो, त्याचा पणजोबा इंदापूरच्या शिवारात जन्मला. हे आपल्यालाच माहीत नसतं.

त्याच प्रयोगाची दुसरी बाजू

जमिनीला नंबर मिळाला, नाव लागलं, म्हणजे ती विकता येऊ लागली, गहाण टाकता येऊ लागली. सावकाराला तेच हवं होतं.

३० वर्षांची मुदत संपली. १८६७ साली इंदापूरचे दर पुन्हा ठरवले गेले आणि चांगलेच वाढले. वेळ बघा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव आभाळाला भिडले होते, सगळीकडे पैसा खेळत होता. ते युद्ध संपलं, भाव कोसळले, पण तेजीच्या दिवसांकडे बघून वाढवलेला सारा तसाच राहिला. सारा भरायला सावकार, सावकाराचं व्याज भरायला दुसरा सावकार.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांना पाहिजे होते ते रोखे, खतं, हिशोबाच्या वह्या. ते कागद हातात पडले की जाळून टाकले. बघता बघता हे लोण भीमथडी, इंदापूर, शिरूर आणि नगर जिल्ह्यातल्या तालुक्यांत पसरलं. इतिहासात हे 'दख्खनचे दंगे' म्हणून नोंदले गेलेत. सरकारला आयोग नेमावा लागला आणि १८७९ साली शेतकऱ्यांच्या कर्जमुक्तीसाठीचा कायदा करावा लागला.

हे सुपे आज बारामती तालुक्यात आहे. जुना भीमथडी तालुका नावाने उरला नाही. आजचे बारामती आणि दौंड त्यातूनच आलेले. म्हणजे तालुक्याची नावं आणि हद्दी ही काही देवाने आखलेली रेघ नाही. सरकारला गरज वाटली तेव्हा ती मोडली, जोडली, बदलली.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. या सगळ्या काळात तालुका आखताना प्रश्न एकच होता, वसुली नीट कशी होईल? साहेबाचं नावच मुळी 'कलेक्टर', गोळा करणारा. मामलेदार कचेरी म्हणजे खजिना आणि दप्तर. रयतेला तिथे यायला किती लांब पडतं, हा त्या आखणीतला प्रश्नच नव्हता. रयतेने यायचं ते सारा भरायला किंवा बोलावणं आल्यावर.

नदीचा तलाव झाला, रेघ तिथेच राहिली

इंदापूर तालुक्याला दोन नद्यांनी दोन स्वभाव दिलेत. दक्षिणेला नीरा. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा आला, ऊस आला, १९३० च्या दशकात वालचंदनगर उभं राहिलं. उत्तरेला भीमा. ही बाजू कोरडी, ज्वारी-बाजरीची. आपलं भिगवण या बाजूला.

मग उजनी आलं. १९६६ साली यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते पायाभरणी झाली, १९८० साली धरण पूर्ण झालं. भिंत सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात, साठा एकूण ११७ टीएमसीच्या घरात आणि पाणी मागे पसरलं ते इंदापूर, करमाळा, कर्जत, दौंडच्या शिवारांवर. जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं. कडक उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसनाथाचं जुनं मंदिर वर येतं आणि लोक बघायला गर्दी करतात. फोटो छान येतात. पण त्या मंदिराभोवती एक अख्खं गाव होतं, हे फोटोत दिसत नाही.

उजनीने भिगवणचं आयुष्य बदललं. जिथे भाकरी ज्वारीची होती तिथे ऊस आला. कुंभारगाव-डिकसळला फ्लेमिंगो बघायला मुंबई-पुण्याचे लोक येतात. मासेमारी वाढली आणि भिगवणचा मासळी बाजार नावारूपाला आला. शेजारी कागदाचा मोठा कारखाना उभा राहिला.

कागद भिगवणला तयार होतो, पण त्यावर शिक्का मारायला इंदापूरला जावं लागतं, असं म्हटलं तर हसू नका, परिस्थिती तशीच आहे.

बाजाराच्या दिवशी भिगवणमध्ये गाड्यांच्या नंबर प्लेट वाचत चाला. एमएच ४२ म्हणजे आपला बारामतीचा पट्टा. एमएच ४५ म्हणजे अकलूजचा, तिकडून करमाळ्याची गावं येतात. एमएच १६ म्हणजे नगर, कर्जत-राशीनकडची माणसं. डिकसळजवळ भीमेवर इंग्रजांच्या काळातला जुना रेल्वे पूल आहे. धरणामुळे रेल्वेचा मार्ग बदलला आणि तो पूल रस्त्याच्या कामी आला. त्या पुलावरून पलीकडच्या करमाळा तालुक्यातली माणसं किराणा, दवाखाना, शाळा, रेल्वे अशा सगळ्या कामांना भिगवणला येतात. त्यांचा जिल्हा सोलापूर, तालुका करमाळा, पण रोजचं आयुष्य भिगवणचं.

म्हणजे भिगवणचा तालुका लोकांनी कधीच तयार केलाय. त्याला तीन जिल्ह्यांची गावं जोडलेली आहेत. फक्त तो सरकारी नकाशावर नाही.

आणि नकाशावरची रेघ साधी समजू नका. २०२१ साली उजनीतून इंदापूरला ५ टीएमसी पाणी द्यायचा निर्णय निघाला. सोलापूर जिल्ह्यात आंदोलन पेटलं आणि महिन्याभरात निर्णय मागे घ्यावा लागला. दोन्हीकडे शेतकरीच. एकाची जमीन धरणात गेली, दुसऱ्याचं शेत धरणावर उभं आहे. पण भांडण 'इंदापूर विरुद्ध सोलापूर' असं झालं. रेघ एकदा पडली की माणसं तिच्या दोन बाजूंना उभी राहतात.

तिकडे तेलुगू मुलखात काय झालं?

आता परत हायवे ६५ च्या दुसऱ्या टोकाला जाऊ.

आंध्रात पंचायत राज १९५९ सालीच आलं, आपल्या आधी. आपल्याकडे वसंतराव नाईक समितीच्या शिफारशीवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. आपण जोर दिला जिल्ह्यावर. आंध्रात जोर होता समितीवर, म्हणजे आपल्या पंचायत समितीच्या पातळीवर. पण तिथेही समित्या मोठ्या, आणि त्यांच्यावर पकड जुन्या जमीनदार घराण्यांची.

१९८३ साली एन. टी. रामाराव सत्तेवर आले. सिनेमातला देव मुख्यमंत्री झाला म्हणून आपल्याकडे त्यांची चेष्टा व्हायची. पण या माणसाने दोन मोठे घाव घातले. १९८४ च्या सुरुवातीला गावपातळीची वंशपरंपरागत महसुली पदं, म्हणजे तिकडचे पटेल-पटवारी, करणम-मुनसब, एका अध्यादेशाने रद्द केली. आणि १९८५ साली तालुके मोडून मंडलं केली. आधी साधारण ३३० पंचायत समित्या होत्या, त्याजागी अकराशेहून जास्त मंडलं आली. एका मंडलाची लोकसंख्या पन्नास हजारांच्या आत-बाहेर. १९८७ साली मंडल अध्यक्षांच्या थेट निवडणुका झाल्या. सरकार माणसाच्या चालण्याच्या टप्प्यात आणायचं, असा तो विचार होता.

तुलना करा. २०११ च्या जनगणनेत इंदापूर तालुक्याची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर होती, क्षेत्रफळ सुमारे दीड हजार चौरस किलोमीटर. आंध्राच्या मापाने या एका तालुक्याची सहा-सात मंडलं झाली असती आणि त्यातलं एक नक्की भिगवण असतं.

तिकडे सगळं गोडगोड झालं असं अजिबात नाही. मंडल परिषदा इतक्या लहान झाल्या की त्यांच्या हातात ना पैसा राहिला ना वजन. सुरुवातीला कितीतरी ठिकाणी धड इमारती नव्हत्या, माणसं नव्हती. समित्या मोडण्यामागे जुन्या पुढाऱ्यांचं बळ तोडायचं राजकारणही होतंच. पुढे तेलंगणाने २०१६ च्या दसऱ्याला १० जिल्ह्यांचे ३१ केले, नंतर ३३. आंध्राने २०२२ साली १३ चे २६ केले. रेघा मारायची चटक लागली की थांबत नाही, हेही तिथूनच शिकावं.

पण एक गोष्ट त्यांनी केली जी आपण केली नाही. तहसीलदार कुठे बसावा, हा प्रश्न त्यांनी माणसाच्या बाजूने विचारला. आपण ३६ जिल्हे आणि ३५८ तालुके घेऊन बसलोय आणि मधूनमधून 'बारामती जिल्हा होणार का' यावर चहाच्या टपरीवर वाद घालतो.

मग आता ऑनलाइन आहे की सगळं?

हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच उत्तर देतो. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळतो, चांगलंच झालं. उत्पन्नाचा दाखला सेतूतून, मोबाईलवरून निघतो. हे मान्य.

पण शेताचा रस्ता शेजाऱ्याने अडवला तर? तो दावा मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारापुढे चालतो. तारखेला उभं राहावं लागतं. वारस नोंदीवर हरकत आली तर? सुनावणी. संजय गांधी निराधारच्या अर्जात त्रुटी निघाली तर? रेशन कार्डातलं नाव उडालं तर? मोबाईलवर फक्त 'प्रलंबित' दिसतं. ते का प्रलंबित आहे हे विचारायला माणूस लागतो आणि तो माणूस इंदापुरात बसतो.

भिगवण ते इंदापूर साधारण पस्तीस किलोमीटर. शेटफळगढे, निरगुडे, लाकडी, निंबोडीच्या माणसाला बारामती समोर दिसते, पण तहसीलसाठी त्याने इंदापूर गाठायचं. प्रांताचं काम निघालं तर परत उलट्या दिशेला बारामती. एखादी निराधार म्हातारी नातवाला सोबत घेऊन निघते, तेव्हा दोघांचं भाडं, नातवाची बुडालेली मजुरी आणि 'साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या' एवढं धरून तिच्या पेन्शनचा हिशोब करा. रोजंदारीवरच्या माणसाला 'उद्या या' हा शब्द सगळ्यात महाग पडतो. ज्याच्याकडे गाडी आहे, ओळख आहे, एजंट आहे, त्याला तालुका लांब असल्याचं कळतही नाही. लांबी गरिबालाच लागते.

मागणी कशाची करायची?

माझं मत सांगतो, पटलं तर बघा. नवा जिल्हा झाला तर कलेक्टर कचेरी, एसपी ऑफिस, नव्या इमारती, नवे ठेकेदार. भिगवणच्या शेतकऱ्याच्या तारखेत त्याने काय फरक पडणार? त्याचं काम तहसीलदारापाशी अडतं, कलेक्टरपाशी नाही.

पुणे जिल्ह्यातच पिंपरी-चिंचवड आणि लोणी काळभोरला अपर तहसील कार्यालयं झाली आहेत. तालुका न मोडता, हद्द न बदलता, अधिकार जवळ आणायची ही सोय कायद्यात आहे. ती शहराजवळ चालते, तर तीन जिल्ह्यांच्या कोपऱ्यातल्या, रेल्वे-हायवेवरच्या भिगवणला का चालू नये? निदान पहिलं पाऊल म्हणून आठवड्यातला एक ठरलेला दिवस, बाजाराचा दिवस, तहसीलदाराने भिगवणला सुनावणी ठेवावी. त्याला नवी इमारत लागत नाही. एक टेबल, दप्तर आणि इच्छा लागते.

१८३५ साली सरकारने इंदापूरच्या शिवारात दगड रोवले ते सारा नीट गोळा व्हावा म्हणून. तो सारा आता नावापुरता उरलाय. आज तहसीलकडे माणूस देण्यासाठी कमी आणि मागण्यासाठी जास्त जातो. कचेरीचं काम उलटं झालं, पण तिची जागा आणि तिचा आवाका वसुलीच्या काळातलाच राहिला. पहिला प्रयोग इंदापूरवर झाला होता, आता दुसरा प्रयोगही इथेच व्हायला हरकत काय? यावेळी मोजणी जमिनीची नको, माणसाच्या हेलपाट्यांची करा.

तुम्हीही लिहा. तुमचं गाव कागदावर कोणत्या तालुक्यात आहे आणि तुमचा बाजार कोणत्या गावाला भरतो? गेल्या वर्षभरात तहसीलला किती हेलपाटे झाले आणि कशासाठी? राजकीय चिखलफेक नको, आकडे लिहा. शंभर जणांचे हेलपाटे एका कागदावर आले तर तो कागद घेऊन जाता येईल. अर्थात, तो द्यायलाही इंदापूरलाच जावं लागणार, ते वेगळं.